पाणी बाटलं की बटलं?

मंगळवारी दुपारी कापसाच्या जिनातलं इंजिन घरघरलं, अडखळलं आणि बंद पडलं. सरकी काढणारे सगळे रेचे थांबले. सरकी निवडणाऱ्या बाया पदर झटकत अंगणात आल्या, हमाल आले, गाडीवान आले, आणि नीट दिसावं म्हणून काहीजण कापसाच्या गंजीवर चढले. सलग पाचवा मंगळवार होता. देवऋषी पुंजाजी महाराजांना बोलवायला कोणी गेलंच नव्हतं. ते आधीच विहिरीच्या काठी, शेंदूर फासलेल्या सात आसरांपुढे येऊन बसले होते.

"आंधी मायचं पानी रोका," महाराजांनी फर्मावलं. विहिरीचं पाणी हौदाकडे नेणाऱ्या नळाचा कॉक बंद झाला. मग महाराज घुमू लागले. सातही जलदेवींची नावं घेताना ते पाचवीला अडखळत आणि पुन्हा पहिलीपासून सुरू करत. शेवटी त्यांनी कडुलिंबाची डहाळी पाण्यात बुडवून इंजिनावर शिंपडली. छन्न आवाज झाला.

"माय अजून कोपून हाये. आरती म्हना."

तासाभराने त्यांनी पुन्हा शिंपडलं. आवाज आला नाही. "झाली शांत. फिरवा चाक." चाक फिरवलं आणि इंजिन सुरू झालं. बायांनी जमिनीला डोकं टेकवलं.

इंजिन चालवणारा देवमन हे सगळं इंजिनघराच्या दाराबाहेरून बघत होता, कारण पूजेच्या वेळी त्याला आत यायची बंदी होती. दोन वर्षांपूर्वी, छप्पन साली, त्याच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. अकोल्याच्या या जिनात तो दिवाळीला लागला. कापसाला आग लागली तर पाणी हाताशी असावं म्हणून राखीव हौदही त्याच दिवाळीला बांधला. दर मंगळवारी देवमन तो भरायचा. म्हणजे नव्या गोष्टी दोन होत्या, पण लोकांचं बोट एकीकडेच गेलं.

"ज्यानं माय सोडली, त्याचा हात मायच्या पान्याले लागला," महाराज सांगत. "पानी बाटलं."

जिनाचे मालक गोवर्धनशेठ तसे दुष्ट नव्हते, घाबरट होते. "देवमन, सत्तार मिस्त्रीबी नळ जोडतानाच बोलला होता, पानी बाटेल म्हनून. मी आयकलं नाही. येत्या मंगळवारी इंजन थांबलं, त हौदबी बंद अन् तुही नौकरीबी बंद."

"हौद कोरडा अन् अंगणात कापसाची गंजी. आग लागली त ह्या बाया कुठं पयतीन, शेठ?"

शेठ पाठ फिरवून निघून गेले. देवमनच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण राग आला की तो भांडत नसे, मोजत बसे. पाचही मंगळवारांचं त्यानं लिहून ठेवलं होतं. हौदाचा कॉक उघडला की चाळीस मिनिटांत इंजिन बंद. बाकीचे दिवस ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाले, आणि त्या दिवशीही हात त्याचाच असे. मंगळवारी बाटवणारा हात बुधवारी शुद्ध कसा होतो, हे काही त्याला कळेना.

त्यानं मोर्णा नदी ओलांडली आणि जुन्या शहरात अब्दुल सत्तार मिस्त्रीचं घर गाठलं.

"चाचा, तुमी शेठले काय म्हनलं होतं? पानी बाटेल?"

सत्तार हसायला लागले. "लाहौल! मैं काहे को ऐसा बोलूंगा? मैं बोला, पानी बट जाएगा. एकच नळ, त्याच्यातून इंजन थंड ठेवालेबी पानी अन् हौदालेबी. इंजन उंच ओट्यावर, हौद खाली. पानी कुठं जाईन, तूच सांग."

हिंदीतलं बटणं म्हणजे वाटलं जाणं. शेठच्या वऱ्हाडी कानांनी त्याचं बाटणं केलं होतं. एका कान्यापायी देवमनची भाकरी जायची वेळ आली होती.

पुढच्या मंगळवारी देवमननं इंजिनाजवळ उंच मचाण बांधलं, त्यावर पाण्यानं भरलेली पिंपं ठेवली आणि रबरी नळीनं ते पाणी इंजिनाला दिलं. मग सगळ्यांदेखत आपल्या हातानं हौदाचा कॉक उघडला.

"घडीभर थांबा," महाराज ओरडले. "मंग पाहा."

चाळीस मिनिटं झाली, तास झाला. हौद काठोकाठ भरला आणि इंजिन तालात चालत राहिलं.

"आता मी मायचा कोप आनून दाखवतो," देवमन म्हणाला. त्यानं पिंपाची नळी काढून इंजिन पुन्हा जुन्या नळावर जोडलं आणि हौदाचं पाणी बागेत सोडून दिलं, कॉक मात्र उघडाच ठेवला. नळातलं सगळं पाणी उताराला, रिकाम्या हौदाकडे धावलं. इंजिन तापलं, घरघरू लागलं, तसं त्यानंच ते बंद केलं. महाराजांची डहाळी उचलून त्यानं बायांची मुकादम दुर्गाबाई हिच्या हातात दिली. "शिंपडा, बाई."

छन्न.

"तव्यावर पानी टाकलं की असंच वाजते," दुर्गाबाई सावकाश म्हणाली.

"त्याच्यानंच महाराज पाह्यते का इंजन थंड झालं का नाही," देवमन म्हणाला. "छन्न वाजलं की आरती वाढवते. आता कॉक बंद करा अन् बसा. आरती कोनी म्हनू नका."

तासभर लोक गप्पा मारत बसले. मग दुर्गाबाईनं शिंपडलं, आवाज आला नाही. चाक फिरवलं, इंजिन सुरू झालं. महाराजांना तेवढ्यात कुठलंसं तातडीचं काम आठवलं होतं.

गोवर्धनशेठ देवमनला इंजिनघराच्या दाराबाहेर घेऊन आले आणि खाकरले. "तुह्यं खरं हाये, देवमन. सत्तारले सांगून नळ अलग करून घेऊ. पन लोकाइच्या समाधानासाठी एक बारीक शांती करून टाकू. तेवढा वेळ तू भाईर उभा राह्य."

"नाही राह्यत," देवमन म्हणाला. "पाच मंगळवार इंजन तापून बंद पडलं. कोनी त्याले हात लावून पाह्यलं नाही, सगळ्यायनं माह्या हाताकडं पाह्यलं. शेठ, शांती करायची असन त नळाची करा, बिघाड त्याच्यात होता. अन् आयका सगळेजन. उद्या काही बंद पडलं त आंधी पाहा, मोजा, ज्याले समजते त्याले इचारा. एवढं केल्याबिगर कोनाच्या जातीवर, कोनाच्या धर्मावर बोट दाखवू नका. आज तुमी माह्या हातावर बोट ठेवलं, अन् त्याच्यापायी आगीचा हौद कोरडा राहून तुमचीच लेकरंबाळं जळाले असते."

दुर्गाबाई दारातून बाजूला झाली, आणि देवमन आत जाऊन आपल्या इंजिनापाशी उभा राहिला.