टीपॉयवरचा चहा

धम्मशीला नायिफच्या प्रेमात पडली ती जॉर्डनच्या वाळवंटात, आणि तीही एका पाण्याच्या बाटलीमुळे. ही सहलीला गेलेली, तो गाइड. जीप वाळूत रुतली, ऊन रणरणत होतं. जीप काढून दमलेल्या नायिफनं तिच्या हातातली उष्टी बाटली घेतली, तोंड लावून प्यायला आणि परत दिली. बस्स! आता यात कुणाला काय प्रेम दिसणार? पण काशीनाथ मेश्रामांच्या लेकीला दिसलं. विदर्भातल्या गावात बाबांच्या हातचं पाणी कोणी घेत नसे, हे ऐकतच ती लेस्टरमध्ये वाढली होती.

आता नायिफही लेस्टरलाच नोकरीला होता, आणि या रविवारी काकांना घेऊन मागणी घालायला येणार होता. बाबा काही हो म्हणत नव्हते.

"ते मुसलमान, आपण बौद्ध. तुझं नावच बदलायला लावलं तर?"

"नाही लावणार, बाबा."

"माणसं कशी आहेत ते बघतो आधी."

सगळं त्या बघण्यावर अडलं होतं. बाबांना दुखवून लग्न करणं तिच्याच्यानं होणार नव्हतं.

नायिफ काकांना दारात सोडून पार्किंग शोधायला गेला. बेलग्रेव्ह रोडला रविवारचं पार्किंग, विचारूच नका! आई गेल्यापासून चहा बाबाच करत. आलं किसून केलेला कप त्यांनी काकांपुढे धरला. काकांनी तो अदबीनं घेतला, टीपॉयवर ठेवला आणि छातीवर हात ठेवून गप्प बसले.

"प्लीज, घ्या ना," धम्मशीलानं खुणा करत विनवलं; काकांना अरबीशिवाय काही येत नव्हतं. काकांनी मान हलवली. चहावर साय धरली तरी नाहीच.

बाबांचा चेहरा पार उतरला. "इथंही तेच का गं?" ते म्हणाले. "धम्मा, मला नाही जमायचं हे."

तेवढ्यात नायिफ आला. भरलेला कप पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

"अंकल, इथं हा रिवाज नको, असं काकांना म्हटलं होतं मी! आमच्यात मागणी घालायला आलेला वडीलधारा कप तसाच ठेवतो. मुलगी दिली म्हणेपर्यंत थेंब घेत नाही."

एरवी 'मुलगी दिली' ऐकून धम्मशीलानं त्याला फाडून खाल्लं असतं. आज तिनं फक्त बाबांकडे पाहिलं.

"म्हणजे," बाबांनी सावकाश विचारलं, "यांना नातं हवंय, म्हणून पीत नाहीत?"

"हो, अंकल."

बाबा उठले, कप उचलून किचनमध्ये गेले. सिंकमध्ये चहा ओतल्याचा आवाज आला. संपलं सगळं, असं तिला वाटलं. मग आलं किसल्याचा आवाज आला.

नवा वाफाळता कप बाबांनी दोन्ही हातांनी काकांपुढे धरला. "प्या," ते मराठीतच म्हणाले.

काकांनी अर्थ विचारायला नायिफकडे पाहिलंसुद्धा नाही. कप तोंडाला लावला, तळापर्यंत प्यायले आणि आणखी घालायला पुढे केला.