सिंहाचा छाप

कवडूच्या नव्या चाकूवर गंज चढला त्या सकाळी घरात आधी भांडण झालं, मग चहा झाला.

"म्या म्हटलं होतं तुमाले," त्याची बायको शोभाताई चुलीपुढून म्हणाली, "हातगाडीवरचा माल घेऊ नोका म्हनून."

"दुकानवाला का सोन्याचे चाकू विकते?"

"सोन्याचे नाई विकत. पन एका रात्रीत काळे पडनारेबी नाई विकत."

कवडू उठला. चाकू घेऊन तो दारातल्या उजेडात गेला. काल संध्याकाळी त्यानं लिंबू कापलं होतं आणि चाकू न पुसता तसाच ताटात टाकला होता. आता पात्यावर काळेतांबडे डाग पडले होते. पात्यावर सिंहाचा छाप होता, त्या सिंहाला खरूज झाल्यासारखी दिसत होती.

चाकूचं कवडूला काम होतं. त्याची काटोलाकडे संत्र्याची बाग. या साली पावसानं झाडांच्या बुंध्यांना डिंक्या लागला होता; सालीतून डिंक पाझरायचा आणि साल सडायची. ती सडकी साल खरवडून काढल्याशिवाय झाड वाचत नाही. जुना चाकू विहिरीत पडला, म्हणून इतवारीच्या बाजारात ताडपत्री आणायला गेला तेव्हा त्यानं एका हातगाडीवरून हा घडीचा चाकू घेतला. बरोबर त्याचा साळा, म्हणजे शोभाताईचा भाऊ, प्रेमानंद होता. त्यानंही एक घेतला. दोन्ही एकाच ढिगातले, दोन्हीवर तोच सिंह. हातगाडीवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "असली लोहा है भाऊ. नकली निकला तो गाडी जला देना."

शोभाताईचं माहेर आणि सासर एकाच गावात. तिच्या भावाची बाग आणि नवऱ्याची बाग यांच्यामधे फक्त एक धुरा, मातीचा बांध. त्यामुळे कवडूचा चाकू गंजल्याची बातमी चहा निवायच्या आधी प्रेमानंदाच्या घरी पोचली होती.

तो चाकू खिशात घालूनच आला.

"पाहू भाऊजी तुमचा." त्यानं कवडूचा चाकू उलटापालटा केला, मग स्वतःचा उघडून शेजारी धरला. प्रेमानंदाच्या चाकूत तोंड दिसत होतं. "आमच्या घरी काल लिंबाचं लोनचं घातलं. याच चाकूनं. पाहा."

"पाहून राहिलो," कवडू म्हणाला.

"तुमाले फसवलं गा त्यानं."

"एकाच ढिगातले व्हते ना?"

"ढिगात असली-नकली मिसळूनच ठेवतेत थे. मले दोन-तीन उचलून पाहा लागले. तुमी पयलाच उचलला."

निवाडा पानठेल्यावर व्हायचा होता. ठेला भैय्याजीचा. गावात आलेली प्रत्येक नवी वस्तू, मग ती मोटारसायकल असो की सून, भैय्याजीच्या ठेल्यासमोरून एकदा तरी जायचीच. त्यानं दोन्ही चाकू अडकित्त्याशेजारी मांडले. दोन्हीनं मनगटावरचे केस निघाले. दोन्हीनं कागद कापला. मग एकानं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं, तर ते दोन्ही चाकूंना चिकटलं आणि सोडेना. नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. कवडूच्या चाकूचा आवाज जरा बसका आला. भैय्याजीनं डोळे मिटून तो पुन्हा ऐकला.

"आवाजाचं सोडा," तो शेवटी म्हणाला. "जे गंजते ते नकली. असली माल असा गंजत नाई."

"इळा गंजते ना," कवडू म्हणाला. "कुऱ्हाड गंजते."

"इळ्यावर सिंह नसते."

निकाल लागला. त्या दिवसापासून प्रेमानंद ठेल्यावर नख काढायचं म्हटलं तरी चाकू पूर्ण उघडायचा. कवडू आपला चाकू राखेनं घासायचा, गोडेतेल लावायचा आणि झाडांच्या साली खरवडायचा. चाकूला धार भल्ली होती. पण धारेबद्दल कोणी विचारत नव्हतं.

आषाढात मधे उघाड पडली. जमीन वाफसली, झाडांवर लिंबाएवढी फळं लटकलेली. कृषी सहायक वैभवी मॅडम स्कूटीवर आल्या, देवळासमोर सगळ्यांना बसवून म्हणाल्या, "ही उघाड सोडू नका. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारा. पण चुना जुना असेल तर जोर धरत नाही, मग मिश्रण आंबट राहतं आणि पानं-फळं जाळतं. म्हणून फवारायच्या आधी त्यात लोखंडी चाकू बुडवा. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसून पात्यावर तांबडा रंग चढला तर अजून चुना घाला. नाही चढला तर बिनधास्त फवारा."

प्रेमानंद मागं वळून कवडूकडे पाहत म्हणाला, "चाकू असली पायजे म्हना."

लोक हसले. मॅडमना कळलं नाही, पण त्याही हसल्या.

दोघांनी चुना एकाच दुकानातून आणला. पोती पावसाळ्यापूर्वीची होती, तोंडाशी ओलावलेली. कवडूनं पहाटेच प्लास्टिकच्या ड्रमात मोरचूद भिजवलं, चुन्याची निवळी ओतली, काठीनं ढवळलं. पाण्याला मोराच्या मानेचा रंग आला. मग त्यानं पातं पुसून आत धरलं. बाहेर काढलं तर नव्या तांब्याच्या घागरीसारखं लाल.

त्यानं चुना वाढवला. पातं राखेनं घासून पुन्हा धरलं. पुन्हा लाल, पण कमी. अजून चुना. असं करत करत एकदाचं पातं जसं गेलं तसंच वर आलं. घरातला सगळा चुना तोवर संपला होता.

धुऱ्यापलीकडे मात्र प्रेमानंदाचा पंप केव्हाच सुरू झाला होता.

"त्यानं कवा बुडवला चाकू?" शोभाताईनं विचारलं. ती बांधावर न्याहारी घेऊन आली होती.

"बुडवला त्यानं. म्या पाह्यलं. चकचकीत निंगाला. त्याचा चाकू कायनंच रंगत नाई वं. लिंबानं नाई रंगला, याच्यानं का रंगन?"

शोभाताईनं भावाच्या बागेकडे पाहिलं. "मंग सांगा ना त्याले जाऊन."

"माझ्या चाकूचं कोन आयकते?"

"नाई आयकला तर आयकवा. बाग जळल्यावर मंग दोघं मिळून ठेल्यावर बसान का?"

कवडू गेला. प्रेमानंदानं पंप बंद केला नाही. ऐकलं मात्र सगळं.

"माझ्या चाकूवर रंग नाई चढला, भाऊजी. मॅडमनं का सांगतलं? नाई चढला तर बिनधास्त फवारा."

"एकच चुना हाय आपला. मले पोतं रिकामं करा लागलं. माझा बुडवून पाहू दे."

"त्या गंजलेल्याले घालून माझं औषध नासवू नोका."

कवडूनं विचारायचं सोडून दिलं. तो ड्रमाशी गेला, चाकू उघडला आणि आत धरला. वर काढला तेव्हा पातं लालभडक होतं. ते त्यानं साळ्यापुढे धरलं.

प्रेमानंदानं पाहिलं. "गंज हाय थो," तो म्हणाला.

"गंज असा असते का?"

"तुमच्या चाकूचा असन. तुमच्या चाकूचं काई सांगता येत नाई." आणि त्यानं नळी पुढच्या ओळीकडे वळवली.

ती ओळ कवडूच्या सासऱ्यानं, म्हणजे प्रेमानंदाच्या बापानं लावलेली. कवडूचं लग्न जमलं त्या वर्षी ती रोपं गुडघ्याएवढी होती आणि नव्या जावयानं त्यांना पाणी घातलं होतं. आता प्रत्येक झाड फळानं वाकलेलं. कवडूनं एकदा त्या झाडांकडे पाहिलं, एकदा ड्रमाकडे, आणि दोन्ही हातांनी ड्रम आडवा केला. निळं पाणी चिखलातून वाहत धुऱ्याच्या नालीत गेलं. पंपानं थोडी हवा ओढली आणि तो बंद पडला.

प्रेमानंदानं नळी चिखलात टाकली.

"जा तुमी," तो म्हणाला. "माझ्या वावरातून निंगा. आन् ताईले सांगजा, तिचा भाऊ मेला."

कवडूनं घरी येऊन पाय धुतले, बोटांमधला निळा रंग काही गेला नाही. निरोप त्यानं शब्दशः सांगितला. शोभाताईनं तो ऐकला आणि विचारलं, "किती ओळी वाचल्या?"

"अर्ध्यापेक्षा जास्त."

"मंग जेवा."

गावात मात्र कवडूची बाजू कोणी घेतली नाही. आपला चाकू खोटा निघाला म्हणून साळ्याचं औषध सांडलं, असं ठेल्यावर ठरलं. जळका माणूस हाय, असंही ठरलं. कवडूनं ठेल्याची वाट सोडली आणि तंबाखू दुसऱ्या गावाहून मागवू लागला.

मग प्रेमानंदाच्या फवारलेल्या ओळींतल्या पानांवर तपकिरी ठिपके आले, पानांच्या कडा करपल्या, फळांवर डाग पडले आणि सकाळी झाडांखाली फळांचा सडा दिसू लागला. न फवारलेल्या ओळी हिरव्या होत्या. रेघ इतकी सरळ होती की रस्त्यावरून जाणारी बसही हळू व्हायची. भैय्याजीनं स्वतः जाऊन पाहिलं. परत येऊन म्हणाला की मोरचूदच नकली आलं असावं, आजकाल कशाचा भरवसा नाही.

राखीच्या दिवशी शोभाताईनं पाट मांडला नाही. ओटा सारवला, वरणाला फोडणी दिली, आणि दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच तांदूळ होते.

प्रेमानंद आला तो उंबऱ्यातच थांबला. अंगावर धुतलेला सदरा, हातात केळी.

"भाऊजी हायेत का?"

"हायेत. काहून? मेलेल्या भावाले भाऊजीचं का काम?"

 कवडू मागच्या दारानं आत आला.

"थो चाकू हाय का तुमचा?" प्रेमानंद केळ्यांकडे पाहत म्हणाला. "दुसरं बोर्डो कालवून राहिलो. नवा चुना आनला. बाकीच्या ओळी मारा लागन, डिंक्या चढून राहिला."

"तुझा हाय ना?"

"माझा हाय. पन त्याच्यानं समजत नाई."

कवडूनं कोनाड्यातून चाकू काढला, तेलकट झालेलं बोट पुसलं आणि त्याच्या हातात दिला. "पुसून बुडवजो. तेल हाय त्याले."

"थांब," शोभाताई म्हणाली. तिनं सूप बाजूला सारलं, पाट मांडला, आणि डब्यातून राखी काढली. ती कधीच आणून ठेवली होती. प्रेमानंद चाकू डाव्या हातात धरून पाटावर बसला. तिनं गाठ जरा जोरातच आवळली.  कवडू पंपाची नळी जोडायला धुऱ्याकडे निघून गेला.

हंगामात प्रेमानंदाच्या बापाच्या हातच्या त्या ओळीसकट वाचलेल्या ओळींचीच संत्री बाजारात गेली. पुढं ठेल्यावर चाकूचा विषय निघाला की तो अजूनही खिशातला चकचकीत चाकू काढून दाखवतो आणि सांगतो, "असली हा हाय. भाऊजीचा नकलीच हाय. पन कामाले पडते."

कवडू आता पुन्हा शेजारी बसलेला असतो. तो पान तोंडात सारतो आणि मान डोलावतो.