दाराजवळची जागा

मी बाक बोलतोय. बसायचा लाकडी बाक. माझ्यात मिरवण्यासारखं काही नाही, पण माझा जुना पत्ता ऐकलात तर सावरून बसाल. जिथे देशाचे कायदे होतात त्या इमारतीतला लांब बोळ, त्यात समितीच्या खोलीचं दार, आणि दाराला लागून मी.

मला घडवणाऱ्या सुतारानं शेवटचा रंधा मारला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मोठ्या लोकांत चाललायस बाबा, कुरकुरू नकोस." नाही कुरकुरलो. बघितलं मात्र सगळं.

सुरुवातीला मला वाटायचं, कायदा आत होतो. आत लांबलचक टेबल, माइक, भिंतीवर गंभीर चेहऱ्यांच्या तसबिरी. आणि मी बाहेर, नशीब फुटकं! मग मामा आले आणि माझे डोळे उघडले.

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते, पण सगळी इमारत त्यांना मामाच म्हणायची. साठीचे, मऊ बुटांचे, खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या. धंदा असा की कायदा होऊ घातला, की तो ज्यांना बोचणार त्यांची बाजू समितीच्या सदस्यांच्या कानावर घालायची. कधी सिमेंटवाल्यांची, कधी औषधवाल्यांची. आत ते कधी पाऊल टाकत नसत. माझ्या दाराकडच्या टोकाला बसायचे, बस्स. चहाच्या सुट्टीत सदस्य बाहेर आले की पहिल्यांदा तेच टोक लागायचं ना!

"काय हो, धाकटीचा दात पडला का?" मामा विचारायचे. सदस्य विरघळायचे. मग गोळी चघळत मामा दोन वाक्यं बोलायचे. सुट्टी संपायची, सदस्य आत जायचे आणि कायद्याचं तोंड दुसरीकडेच वळलेलं असायचं. ना आरडाओरड, ना धमकी, ना पाकीट. बाप रे! मी तर थक्क व्हायचो. एवढी माणसं मतं देऊन सदस्य निवडतात, आणि इथे एका गोळीच्या चघळण्यात काम फत्ते.

आणि गंमत म्हणजे मामा सदस्यांशी कधीही खोटं बोलत नसत. एकदा फोनवर कुणा मालकाला दटावत होते, "अहो, मला थापा मारायला लावू नका. एकदा पकडला गेलो की या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसणार नाही. विचारलं नाही ते सांगायचं नाही, एवढंच." हे लक्षात ठेवा बरं का.

पुढे शीतगृहांचा कायदा आला. कलम साधंच होतं: प्रत्येक शीतगृहाच्या दाराला आतून ढकलून उघडता येईल असा दांडा बसवायचा. त्यासाठी एक बाई साक्ष द्यायला आल्या. शिपाई त्यांना ताई म्हणाला, म्हणून मीही ताईच म्हणतो. त्यांचा नवरा शीतगृहात फळांच्या पेट्या रचायचा. एकदा मागून दार लागलं आणि आतून उघडायची सोय नव्हती. बिचाऱ्यानं ठोकून ठोकून हात फोडून घेतले. दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. आणि आता त्याच दाराआड ताईंचा धाकटा दीर कामाला जात होता.

ताई आत बोलल्या तेव्हा एका सदस्यानं डोळे पुसले. ताई बाहेर येऊन माझ्या दुसऱ्या टोकाला टेकल्या. मला वाटलं, झालं बाई तुझं काम.

तेवढ्यात चहाची सुट्टी झाली. "कायदा चांगलाच आहे हो," मामा गोळी पुढे करत म्हणाले. "पण जुन्या दारांची तोडफोड कशाला? 'नव्या शीतगृहांना' एवढं घाला, म्हणजे सगळे खूश." सदस्यांनी माना डोलावल्या आणि आत गेले. एकच शब्द घातला, नव्या. ताईंच्या दिराचं दार जुनं होतं. ताईंनी सगळं ऐकलं होतं. त्या रडल्या नाहीत. मामा बसलेल्या जागेकडे मात्र बराच वेळ बघत राहिल्या.

शेवटच्या बैठकीला ताई बोळ झाडून व्हायच्या आत आल्या, त्या थेट दाराकडच्या टोकाला बसल्या. मांडीवर कापडी पिशवी. मामा आले आणि थबकले. त्यांची जागा अडवलेली मी पहिल्यांदाच बघत होतो!

"ताई, जरा सरकता का?"

"नाही मामा. आज मी इथंच बसणार."

"अहो, पण मी रोज इथे..."

"म्हणूनच."

मामांना हसू आलं की राग, कळलं नाही. ते पलीकडच्या टोकाला बसले. सुट्टी झाली, समितीच्या अध्यक्षबाई सगळ्यांच्या आधी बाहेर आल्या आणि सवयीनं त्या टोकाशी थांबल्या. ताईंनी पिशवीतून लोखंडी दांडा काढला, चांगला कुलपाच्या पेटीसकट, आणि सरळ त्यांच्या हातात दिला.

"ढकला, बाई."

अध्यक्षबाईंनी ढकलला. खट्. कुलूप उघडलं.

"हा त्यांच्या दाराला असता ना, तर ते घरी आले असते. त्यांचं दार जुनं होतं."

अध्यक्षबाईंनी दांडा उलटसुलट करून बघितला. मग वळून म्हणाल्या, "मामा, तुम्ही सांगा. दार न तोडता हा जुन्या दाराला बसतो का?"

अख्खा बोळ थांबला. मामांच्या तोंडातली गोळीसुद्धा थांबली. एक 'नाही' म्हटलं असतं तर संपलं होतं. मी श्वास रोखला, म्हणजे मला असता तर रोखला असता.

"बसतो," मामा म्हणाले. "भोकं पाडली की झालं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

अध्यक्षबाई दांडा घेऊनच आत गेल्या. 'नव्या' हा शब्द उडाला. मामा सरकत सरकत ताईंपाशी आले आणि गोळी पुढे केली. "जागा बरोबर धरलीत." ताईंनी गोळी घेतली नाही. पदर तोंडाशी धरून त्या तेव्हा कुठे रडल्या.

पुढे बोळ सुशोभित झाला. दाराजवळ आता निमंत्रितांचं दालन आहे. मऊ सोफे, काचेचं दार, पास असेल तरच प्रवेश. मामांकडे पास आहे म्हणतात. मला तळघरात टाकलंय, उपाहारगृहाच्या जुन्या शीतखोलीसमोर. एक पाय डगमगतो, पाठीवर बटाट्याची पोती असतात.

माझं एकच मागणं आहे. मला पुन्हा वर न्या. त्या दाराजवळ असं एक लाकूड राहू द्या, जिथे कुणीही यावं आणि न विचारता बसावं.

आत्ताच आचारी लोण्याचा डबा आणायला त्या शीतखोलीत गेला. मागून दार धाडकन लागलं. माझा जीव खाली-वर. मग आतून आवाज आला, खट्. आचारी गुणगुणत बाहेर आला आणि गेला जिना चढून. त्याला काही माहीतही नाही.