आजीच्या कॉफीतला कुरव

त्या उन्हाळ्यात अम्मासात नावाची बोटभर मासळी आमच्या किनाऱ्यावर भरभरून आली. आमच्या वस्तीखालचे सगळे खडक वाळत घातलेल्या मासळीने चंदेरी दिसत होते. हिवाळाभर आम्ही आणि आमची स्लेजची कुत्री त्यावरच जगणार होतो.

एक लठ्ठ पांढरा कुरव पक्षी रोज यायचा. सुकत आलेला मासा उचलायचा, आजीने खडकावर ठेवलेल्या कॉफीत बुडवायचा आणि गिळायचा.

माझे आजोबा तोबियास वसंतातच वारले होते. दात नसल्यामुळे तेही मासळी अशीच कॉफीत बुडवून खायचे.

"अहो, सावकाश," आजी कुरवाला म्हणाली. "घशात अडकेल."

बाबांनी बंदूक उचलली.

"एनोक! बापावर बंदूक रोखतोस?"

"आई, बाबांना पंख नव्हते गं."

"म्हणून तर हौस राहून गेली होती त्यांची."

पुढच्या आठवड्यात कुरवाने थवाच आणला.

"आता हे कोण?" बाबा ओरडले.

"त्यांचे पत्त्यांचे सोबती," आजी म्हणाली. "फुकटचं खायला आधीपासूनच पटाईत."

मासळी भराभर संपू लागली. कुत्री आमच्याकडे बघत आणि आम्ही आजीकडे.

अशात आईला मुलगी झाली. आमच्याकडे वारलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात, मग ते माणूसच घरी परत येतं. पण आजी हटून बसली. "तोबियास खडकावर आहेत. एका माणसाने दोन ठिकाणी कसं राहायचं?"

बिननावाचं बाळ रडतच राहिलं. ते दूध घेईना. आई रडकुंडीला आली. "सासूबाई, निदान विचारून तरी बघा हो तिला!"

"मुलगी आहे ती."

"असू दे. नावाला काय दाढी असते?"

आजी पाळण्यावर वाकली. "तोबियास?"

बाळ गप्प झालं. त्याने आजीकडे पाहून मोठ्ठी ढेकर दिली.

"अगंबाई! तुम्हीच की!" आजीने डोळे पुसले. मग तिने कोपऱ्यातलं वल्हं उचललं आणि ती तरातरा किनाऱ्यावर गेली. कुरव तिच्या कपात चोच घालून उभा होता.

"मेल्या! परक्या बाईच्या कॉफीत तोंड घालतोस?"

थवा पार समोरच्या हिमनगापर्यंत उडाला. उरलेली मासळी आम्ही संध्याकाळच्या आत पोत्यांत भरली.

माझी बहीण आता सत्तरीची आहे. तिचे सगळे दात शाबूत आहेत, तरी मासा ती कॉफीत बुडवूनच खाते. आजी होती तोवर तिला "अहो"च म्हणायची.