फळी डगमगली ती कुणामुळे

मी एक जुनी फळी आहे, भाजी चिरायची. लांबीला दीड फूट, रुंदीला वीतभराहून थोडी जास्त. माझ्या अंगावर सुरीच्या इतक्या रेघा आहेत की मोजायला बसलात तर जेवायची वेळ टळेल.

मित्रांनो, लाकूड मुळातच संशयी असते, आणि त्याला कारण आहे. आमच्याकडे जो येतो तो हातात काहीतरी धारदार घेऊनच येतो. म्हणून कुणी नुसती चिंधी घेऊन आले तरी मी आधी चिंधी ओली आहे की कोरडी ते बघते आणि मगच माणसाचे तोंड बघते.

मला एका सुताराने घडवले. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. घरात त्याची बहीणसुद्धा त्याला मिस्त्रीच म्हणायची. दाराच्या चौकटीतून उरलेला मी एक तुकडा होते. त्याच्या कारखान्यात एक रीत होती. प्रत्येक लाकडावर चपट्या पेन्सिलीने दोन गोष्टी लिहायच्या, काम कुणाचे आणि कधी द्यायचे. मिस्त्रीने मला उचलले, माझ्या पाठीवर काहीतरी लिहिले आणि कोपऱ्यात उभे केले. काय लिहिले ते मला दिसले नाही. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

त्या कोपऱ्यात मी दोन वर्षे उभी होते. माझ्यानंतर आलेली लाकडे खुर्च्या होऊन गेली, कपाटे होऊन गेली. मला वाटू लागले की हा मला दाराखालची पाचर करणार. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्याने मला रंधा मारला, कडा गोल केल्या, जवसाचे तेल चोळले आणि घरी नेले. पाठीवरचे लिहिलेले मात्र त्याने तसेच राहू दिले.

त्या घरात एक खाणावळ चालायची. दुपारी तीस माणसे जेवायची. मिस्त्रीची थोरली बहीण चुलीशी असायची. तिला सगळे ताई म्हणत. मिस्त्रीची बायको भाजी चिरायची. ती सगळ्यांची वहिनी. वहिनीचा हात असा की गाजराच्या चकतीतून खिडकी दिसावी. जेवणारे तिचे कौतुक करायचे आणि त्यातले थोडे मी आपल्याकडे ठेवून घ्यायची.

मग मिस्त्री गेला. पंधरा दिवसांचे दुखणे झाले आणि तो गेला. खाणावळ चालू राहिली. दोघी बायका स्वतःला कामाला जुंपून घेऊन जगल्या. रडायचे ते कांद्याच्या वेळी रडून घेत.

त्यानंतर ताई माझी फार काळजी घेऊ लागली. वहिनी मला खसाखसा घासायची, तोंडाने बडबडत घासायची. ताई मात्र मला तिच्या हातातून काढून घ्यायची, वरून हलकेच पुसायची आणि ओट्यावर पाठ टेकून आडवी ठेवायची. दर रविवारी माझ्या वरच्या बाजूला तेल लावायची. मित्रांनो, इतकी माया करणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

दोन वर्षांनी मी डगमगू लागले. सुरी पडली की टक, उचलली की टक. माझ्या दोन्ही कडा वर उचलल्या होत्या, मधे खळगा पडला होता आणि पोट खाली आले होते. कांदा ठेवला की आपोआप मधे घरंगळायचा. वहिनीने माझ्या कडेखाली फडक्याची घडी सारली आणि ताईकडे बघून म्हणाली, कुणीतरी गरम पातेली ठेवत असणार हिच्यावर. ताईने पातेल्यातून मान वर न काढता सांगितले, घासताना कुणाच्या हातात किती जोर असतो ते अख्ख्या गल्लीला ऐकू येते.

त्या दिवसापासून घरात पाळत सुरू झाली. वहिनी पातेल्यांवर लक्ष ठेवायची, ताई वहिनीच्या घासणीवर. मीसुद्धा मागे नव्हते. मी मनाशी पुरावे जमवले. एकदा वहिनीने मला उन्हात ठेवले होते. एकदा तिने माझ्यावर नारळ आपटला होता. मी निकाल देऊन मोकळी झाले. गुन्हेगार वहिनीच.

वर्षभराने एका सकाळी वहिनी लाल भोपळा चिरत होती. मी डगमगले, भोपळा फिरला, सुरी घसरली आणि तिच्या अंगठ्यात गेली. तीन टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर तिने कपाटावरची पेटी खाली काढली. आता भावाकडे जाते, तुमची खाणावळ तुम्ही चालवा, असे ती शांतपणे म्हणाली. ती शांत बोलली म्हणूनच ताई घाबरली. पेटीत कपडे भरून झाले तेव्हा वहिनीने मलाही उचलले. फळी माझ्या नवऱ्याची आहे, ती माझ्याबरोबर येणार. ताई म्हणाली, तुझा नवरा व्हायच्या आधी तो माझा भाऊ होता.

शेवटी एवढेच ठरले की आधी मला सरळ करून आणायचे आणि कुणाची ते मग बघायचे. एकीचा दुसरीवर विश्वास नव्हता, म्हणून दोघीही मला घेऊन निघाल्या.

कारखान्यात मिस्त्रीचा जुना जोडीदार होता. त्याने मला बाकावर ठेवून बोटाने डुलवले. मग उलटी केली आणि पाठीवर नख ओढले.

“वरून तेल कोण लावतं?”

“मी,” ताई म्हणाली. “दर रविवारी. एकही चुकला नाही.”

“आणि खालून?”

ताईने पदराने बाकावरचा भुसा झटकला.

“ताई, एका अंगाला रेनकोट घातलात आणि दुसरं उघडं टाकलंत ओल्या ओट्यावर. खालच्या बाजूनं रोज पाणी प्यायलं, ती फुगली. वरची तेवढीच राहिली. मग फळी वाकणार नाही तर काय करणार?” त्याने रंधा उचलला. “पाठ काढतो थोडी. पाच मिनिटांचं काम.”

रंधा माझ्या पाठीला टेकला आणि ताईने मधे हात घातला.

“तिथं नको. तिथं त्याचं अक्षर आहे.”

वहिनीने मला खिडकीच्या उजेडाकडे वळवले. इतक्या वर्षांत तिने माझी पाठ नीट पाहिली नव्हती. मिस्त्री गेल्यापासून तर ताईने पाहूच दिली नव्हती. तेलाने पुसले जाईल म्हणून खाली तेल नाही, वहिनी घासून टाकेल म्हणून मला तिच्या हातातून काढून घ्यायचे. वहिनीने एकेक अक्षर लावत वाचले.

“घरचं. घाई नाही.”

मग वहिनी म्हणाली, “दोन वर्षं रोज विचारत होते, फळी कधी, फळी कधी. आणि हा हे लिहून बसला होता.” ती हसू लागली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

“मला वाटलं, तू घासून काढशील,” ताई म्हणाली. “आणि वर्षभर बोल तुलाच लावला.”

“मला दाखवायचं तरी एकदा.”

जोडीदाराने रंधा खाली ठेवला. म्हणाला, दुसरा उपाय आहे, पण वेळ खातो. खळग्याची बाजू ओल्या फडक्यावर पालथी घालायची, वर वजन ठेवायचे. त्या बाजूला तेल मुरलेले आहे, पाणी हळू शिरेल. महिना लागेल.

“घाई आहे का?” त्याने विचारले.

“नाही,” वहिनी म्हणाली. “लिहिलंय की तसं.”

मी महिनाभर पालथी पडून होते. दोघींनी पिठाचे डबे माझ्या पाठीवर ठेवले, पण अक्षरांच्या दोन बाजूंना, त्यांना धक्का न लावता. त्या काळात प्लॅस्टिकची एक फळी आली. तिचा मला अजून संशय आहे. वहिनीची पेटी आठवडाभर दाराशी होती. मग तिच्यातून रोज एकेक लुगडे कमी होऊ लागले, आणि एक दिवस पेटी पुन्हा कपाटावर गेली.

वजन काढल्यावर मला कडेवर उभे करून सावलीत वाळवले. मग पाठीला तेल लावायचा दिवस आला. जोडीदाराने सांगितले होते की पेन्सिल तेलाने जात नाही, चोळली तर पुसते. तेल नुसते टेकवा. अंगठ्यावरचा व्रण अजून ताजा होता, तरी ते वहिनीनेच लावले. ताई डोळे मिटून उभी होती. ‘घाई’चा काना थोडा फरफटला. बाकी सगळे तेलाखाली गडद होऊन बसले, आधीपेक्षा स्पष्ट.

मी पूर्ण सरळ झाले नाही. एका कोपऱ्याला अजून किंचित टक वाजते. दोघी म्हणतात, वाजू दे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला दोन्ही अंगांनी तेल लावा, दोन्ही अंगांनी पुसा आणि कडेवर उभी ठेवा. आणि घरात काही वाकडे झाले तर दोष द्यायच्या आधी ते एकदा उलटून बघा. मी वहिनीवर निकाल दिला तेव्हा माझ्याच पाठीवर काय होते ते मला माहीत नव्हते. चिंधी ओली की कोरडी ते मी अजूनही बघते. फक्त माणसाबद्दल मत बनवायची आता मला घाई नाही.