सुभेदारांच्या दारातला हायमास्ट

आमच्या गावाला हायमास्ट दिवा मंजूर झाला, तेव्हा तो कुठे उभा करायचा यावर दोनच मतं होती. केरबा सुभेदारांचं मत होतं, तो त्यांच्या दारात असावा. त्यांचे धाकटे चुलतभाऊ हिंदुराव यांचं मत होतं, तो हिंदुरावांच्या दारात असावा. बाकीच्या गावालाही मत असू शकतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. चोर, साप आणि बिबट्या हे तिघेही आपल्याच परड्यातून गावात शिरतात, हे त्यांनी पंचायत सदस्य पृथ्वीराजला पटवून दिलं. हिंदुरावांकडे नुसता सापच होता. ते हरले.

जुलैत खांब उभा राहिला. टोकाला पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांचं कडं बसलं. पृथ्वीराजने नारळ फोडला, स्वतःच्या फोटोचा फलक लावला आणि बटण दाबलं. सुभेदारांचं अंगण, गोठा, परड्यालगतचं सोयाबीनचं रान आणि निजायची खोली, अशा सगळ्यांचा एका दमात विकास झाला.

पहिले काही दिवस सुभेदार जेवण झाल्यावर अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. पेपर सकाळीच वाचून झालेला असे, पण वाचताना दिसणं महत्त्वाचं होतं. मग त्यांची झोप गेली. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत उजेडच. त्यांच्या बायकोने, मनुबाईंनी, खिडकीला वाकळ बांधली, तर उजेड दारावरच्या काचेतून आत आला. कोंबडा मन मानेल तेव्हा आरवायला लागला.

"आवं, त्यो दिवा रातीचा बंद ठेवा म्हनून सांगा की," मनुबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"खुळी का काय तू? एवढं भांडून आणला आन आता बंद करा म्हनू? हिंदुराव काय म्हनंल?"

"त्ये काय म्हनत्यात? घोरत्यात. हितवर ऐकू येतंय."

हिंदुराव नुसते घोरत नव्हते. त्यांनी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला: एलईडीच्या उजेडाने कॅन्सर होतो, आंधळेपणा येतो आणि टक्कल पडतं, असं परदेशात सिद्ध झालंय. खाली 'दादा, काळजी घ्या' आणि जोडलेले हात. सुभेदारांना टक्कल आधीपासूनच होतं. त्यामुळे बाकीचं दोन्हीही खरं असणार, असं त्यांना वाटलं.

ते तासगावला डॉ. स्वप्ना यांच्याकडे गेले. बीपी वाढलेलं निघालं.

"मॅडम, खरं सांगा. मी फौजी मानूस हाय. किती दिस ऱ्हायल्यात माजं?"

डॉक्टरीणबाईंनी मेसेज वाचला आणि फोन परत दिला. "काका, असल्या दिव्याने माणूस आंधळा होत नाही. जवळून टक लावून बघत बसू नका म्हणजे झालं. कॅन्सर, टक्कल यातलं काही इथे लिहिलंय तसं सिद्ध झालेलं नाही. पण रात्रभर तोंडावर पांढरा उजेड असला की शरीराला रात्र झाल्याचं कळत नाही. झोप मोडते, आणि रोज झोप मोडली की बीपीही वाढतं. दिव्याला वरून झाकण बसवून उजेड खाली वळवा, नाहीतर निजायच्या वेळी तो बंद करा."

"गोळी न्हाई का काय?"

"अंधाराची गोळी अजून निघाली नाही, काका."

गावात परतल्यावर सुभेदारांनी सांगितलं, की सीमेवरच्या तणावामुळे त्यांचं बीपी वाढलंय.

सप्टेंबर सरत आला. शिवारातलं सोयाबीन पिवळं पडलं, पानं गळाली, शेंगा वाळल्या. खांबाजवळचा पट्टा मात्र हिरवागार. पृथ्वीराजने तिथे उभं राहून फोटो काढला आणि 'विकासाच्या उजेडात डोलणारी शेती' असं लिहून सगळीकडे पाठवला. पीक खरंच डोलत होतं. त्याला शेंगांचं ओझंच नव्हतं. कृषी सहायक येऊन बघून गेला. रात्र मोठी व्हायला लागली की सोयाबीन फुलावर येतं, आणि इथे तर रात्रच झाली नाही, असं तो म्हणाला.

"म्हंजी त्या बिचाऱ्यालाबी झोप न्हाई," मनुबाई म्हणाल्या आणि विळा घेऊन तो सगळा पाला म्हशीसाठी कापायला गेल्या.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सुभेदार उठून उभे राहिले. डोळे लाल, आवाज मात्र कडक.

"मंडळी, दिव्याचं सुख लय भोगलं मी. आता धाकट्या भावाचा मान हाय. दिवा हिंदुरावांच्या दारात हलवावा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिंदुराव गडबडून उभे राहिले. त्यांनी ते सोयाबीन रोज जाता-येता बघितलं होतं. "न्हाई, न्हाई, दादा! तुमी देशाची सेवा केली. तुमचा मान मी कसा घिऊ?"

"घे रं."

"नगं, दादा."

वडिलांच्या वाटणीपासून ज्यांनी एकमेकांना गुळाचा खडा दिला नव्हता, ते दोघे भर सभेत एकमेकांना हायमास्ट देऊ लागले. पृथ्वीराजला भरून आलं. त्याने व्हिडिओ काढायला घेतला.

तेवढ्यात शिवांजली उभी राहिली. ती सांगलीला कॉलेजला जाते आणि संध्याकाळच्या एसटीने परत येते. "तुम्हा दोघांनाही नको असंल, तर एसटी थांब्यावर लावा की. आमी पोरी तिथं अंधारात उतरतोय. आन उजेड खालीच पडंल असं झाकण लावा. शेजारच्या घरांनी काय पाप केलंय?"

एवढं साधं काही ऐकायची सभेला सवय नव्हती. मग दोघे भाऊ एकदमच म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतीया." त्या दोघांचं एकमत झालेलं गावाने पहिल्यांदाच पाहिलं. ठराव लगेच मंजूर झाला. पृथ्वीराजने तिथल्या तिथे जाहीर केलं, की ही कल्पना मूळ त्याचीच.

दिवाळीआधी खांब हलला. त्या संध्याकाळी सुभेदार जरा पाठ टेकतो म्हणून बाजेवर आडवे झाले, ते जेवायलाही उठले नाहीत. हिंदुराव दिवाळीचं काही बोलायला म्हणून दारात आले. मनुबाईंनी हाताने थांबवलं.

"हळू बोला, भावजी. आत्ताच डोळा लागलाय."

हळू बोलणं हिंदुरावांना जमत नव्हतं. म्हणून ते पायरीवर गप्प बसले. मनुबाईंनी चहा आणून दिला. अंधारात कप चाचपून घेताना थोडा सांडला. तरी आवाज न करता ते चहा प्यायले.