भाचीसाठी मेंडोलिन

बाईंना भाची नव्हती. भाऊ नाही, बहीण नाही, तर भाची येणार कुठून? पण वाद्यांच्या दुकानदारानं "कोणासाठी हवंय, काकू?" असं विचारलं आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "भाचीसाठी." पन्नाशी उलटल्यावर स्वतःसाठी वाजवायला शिकतेय, असं सांगितलं असतं तर काय आकाश कोसळणार होतं? काही नाही. पण आपलं मन आपल्यालाच खात असलं की माणूस नको तिथे थापा मारतो.

दुकानदार तरुण होता, केसांचा बुचडा बांधलेला आणि बोलण्यात पटाईत. "पहिलं वाद्य स्वस्तातलंच घ्यावं," तो म्हणाला. "सोडून दिलं तर जीव हळहळत नाही, आणि नाद लागलाच तर पुढे चांगलं घेता येतं." बाईंनी सगळ्यांत स्वस्त मेंडोलिनकडे बोट दाखवलं. स्वस्तात घेतलं की गुन्हाही लहान होईल, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. त्यानं आठही तारा छेडून दाखवल्या. तारांच्या चार जोड्या, आणि जोडीतल्या दोघींचा सूर एकच. मग तो म्हणाला, "एक मात्र करा. या स्वस्तातल्या वाद्याच्या तारा जरा उंच असतात, दाबायला जड जातात. भाचीला एकदा घेऊन या. तिचा हात बघून खाली करून देतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण नाही केलं तर पोरीची बोटं सोलून निघतील."

"आणते हं," बाई म्हणाल्या आणि खोकं काखोटीला मारून सटकल्या. आता आणा भाची!

यात लपवण्यासारखं काय होतं, असं कुणी विचारेल. तर बाईंचे यजमान. त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर उभं राहून डब्यांची झाकणं कापून काढण्यात त्यांचा जन्म गेला. त्या धडधडाटातही ते दिवसभर शीळ घालायचे, म्हणून शिट्टीमास्तर, आणि पुढे नुसतेच मास्तर. त्या प्रेसनं त्यांचे कान खाल्ले. डावा पार गेला, उजवा निम्मा उरला. कानाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "उरलाय तेवढा जपा. पुन्हा त्या आवाजात उभे राहिलात तर हाही जाईल, आणि गेलेला परत मिळत नाही." मास्तरांनी त्याच आठवड्यात काम सोडलं. शीळही सोडली. सूर लागतोय की नाही ते कळत नाही, मग लोकांना कशाला ताप, असं म्हणाले.

घर इतकं गप्प झालं की बाई फ्रीजची घरघर कान देऊन ऐकायला लागल्या. चष्म्याच्या दुकानातली सकाळची नोकरी संपवून घरी यायचं त्यांच्या जिवावर यायचं. अशाच रेंगाळत येताना त्या वाद्यांच्या दुकानात शिरल्या होत्या. पण हे नवऱ्याला सांगायचं कसं? तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून मी माझ्यापुरतं गाणं विकत आणलं? उपाशी माणसासमोर आपलं ताट वाढून घेण्यासारखंच ते.

आणि खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. मेंडोलिन गाद्यांच्या मागे दडवायला लागलं, पण आवाज दडवायला लागला नाही. पहिल्या दिवशी बाईंनी आतल्या खोलीचं दार लावून तार छेडली. ऐकू गेलं की काय? धावत जाऊन बघतात तो बाहेर मास्तर निवांत पेपर वाचत बसलेले. बाईंना हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं हे लक्षात आलं, तेव्हा मात्र त्यांना स्वतःची किळस आली. नवऱ्याचं बहिरेपण आपल्या सोयीचं पडावं! तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलंच.

मोबाइलवरचे धडे बघून त्या शिकत होत्या. तारा खरंच उंच होत्या. दाबून दाबून डाव्या हाताच्या बोटांना फोड आले, फुटले, आणि त्याखाली घट्टे पडले. एका संध्याकाळी त्या मास्तरांच्या कानात औषधाचे थेंब घालत होत्या, तेव्हा मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"हे काय झालंय बोटांना?"

सांगायची हीच वेळ होती. बाईंनी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "थोडं शिवण घेतलंय दुकानाच्या मागच्या शिंप्याकडचं. जाड कापड आहे, सुई टोचते."

पूर्वी त्या घरी शिवण घेत. मानेचं दुखणं लागलं तेव्हा मास्तरांनीच हट्टानं ते बंद करवलं होतं. आता ते त्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मान दुखत नाही ना?"

"छे," बाई म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तर म्हणाले, घरात बसून अंग आंबलंय, दुपारचा वाचनालयात जाऊन बसत जाईन. बाईंना मनातून आनंद झाला. उगाच कशाला लपवा, झालाच. रिकाम्या घरात दार उघडं टाकून त्यांनी एक सोपी चाल बसवली. चुकत, अडखळत, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वाचनालयातून आलेला माणूस हातपाय धुऊन लगेच आडवा का होतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. खरं म्हणजे त्यांनी तो पडू दिला नाही. मास्तर हल्ली प्रत्येक वाक्याला दोनदा "काय?" म्हणत. बाई म्हणायच्या, लक्ष नसतं यांचं, आणि आवाज चढवायच्या.

मग एक दिवस बाईंना दुपारीही चष्म्याच्या दुकानात थांबावं लागलं, तेव्हा कारखान्याचा मुकादम चष्म्याची दांडी बसवून घ्यायला तिथे आला.

"बरं झालं बघा वहिनी, मास्तर परत आले ते! नव्या पोरांना ठोका कळत नाही. झाकण साफ कापलं गेलं की नुसतं चेपलं, हे मास्तर आवाजावरून सांगतात. कानात बोळे घाला म्हटलं, तर म्हणतात, मग ठोका कसा ऐकू?"

बाईंच्या हातातला बारका स्क्रू कुठे उडाला कुणास ठाऊक. मुकादमाचा चष्मा तसाच काउंटरवर टाकून त्या निघाल्या आणि कारखान्याच्या दारापर्यंत कुठे थांबल्या नाहीत. आत असला दणका चालला होता की छातीत धडकी भरावी. तेलाचा वास, पायाखाली पत्र्याची कातरण, आणि रांगेतल्या शेवटच्या प्रेससमोर मास्तर उभे, उजवा कान मशीनकडे झुकवून. बाईंनी जाऊन त्यांचा दंड धरला आणि सरळ बाहेर ओढलं.

"हेच का तुमचं वाचनालय?"

मास्तर चोरी पकडल्यासारखे ओशाळले. मग एकदम चिडून म्हणाले, "अगं, तू मान मोडून शिवत बसायचं आणि मी पेपर वाचायचा? तुझी ती बोटं बघवत नव्हती मला! चार दिवस मी हातभार लावला तर बिघडलं कुठे?"

"मी शिवत नव्हते!"

"काय?"

"अहो, मी शिवत नव्हते!"

"काय म्हणतेस?"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांना घरी आणलं.

घरी आल्यावर त्यांनी गाद्यांच्या मागून मेंडोलिन काढून मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांच्या समोर बसून, ओठ नीट दिसतील अशा बेतानं, सगळं सांगून टाकलं. दुकान, नसलेली भाची, लावलेलं दार, शिवणाची थाप. हातचं काही राखलं नाही. आता ओरडतील, निदान उठून बाहेर तरी जातील, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

मास्तर हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आणि मी समजतोय शिंप्यानं माझी बायको पिळून काढली!"

मग चष्मा लावून त्यांनी मेंडोलिन हातात घेतलं, एक डोळा मिटून तारांच्या खालून नजर टाकली. "कुणी दिलं गं हे असं तुला? केवढ्या उंच ठेवल्यात तारा! बोटं जाणार नाहीत तर काय?" तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात तिच्या बुडाशी पितळेच्या दोन बारीक चकत्या होत्या. मास्तरांनी आधी तारा सैल केल्या, चकत्या जराजरा फिरवल्या, अंदाजानं तारा पुन्हा ताणल्या. "आता दाब."

बाईंनी बोट ठेवलं. तार लोण्यात बुडावी तशी अलगद खाली गेली. दोन मिनिटांचं काम होतं. एका भाचीपायी त्यांनी ते होऊ दिलं नव्हतं, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं होतं. बाईंना रडू फुटलं.

"रडतेस काय? वाजव की! एवढे घट्टे पाडून घेतलेस, बघू तरी काय शिकलीस."

बाईंनी डोळे पुसले, खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या बाजूला अगदी खेटून बसल्या आणि चाल सुरू केली. अंदाजानं ताणलेल्या तारा, एकीचा सूर दुसरीला लागत नव्हता. कानात काटा रुतावा तसं ते वाजत होतं. एके काळी शेजारच्या रेडिओवर कुणी जरा बेसूर झालं तरी उठून खिडकी लावणारा माणूस तो. पण मास्तर बाईंच्या हाताकडे बघत होते आणि खुशीत मान डोलावत होते.

बाईंनी वाजवता वाजवता हात जरासा वर उचलला. इतकाच, की बोटांत धरलेली छेडायची नखी तारांना लागू नये. हात तसाच हलत ठेवला, वर, खाली, त्याच लयीत. खोलीत काहीही वाजत नव्हतं.

मास्तरांची मान डोलतच होती.

"छान वाजवतेस गं," ते मोठ्यानं म्हणाले. "थांबू नकोस."

बाईंनी नखी पुन्हा तारांवर टेकवली. मास्तर बघत होते, म्हणून त्यांनी ती चाल शेवटपर्यंत वाजवली.